वाडी ते फ्रँकफर्ट : अंतर किती, वेळ किती?

नागपूर ते फ्रँकफर्ट हे हवाई अंतर सुमारे ६,८५० किलोमीटर आहे आणि उड्डाणाला साधारण नऊ तास लागतात. संगणकाला किंवा मोबाइलला विचारलं तर असंच काहीसं उत्तर मिळतं. गणित म्हणून ते बरोबरही आहे. मात्र नागपूरहून फ्रँकफर्टला थेट विमान जात नाही. नागपूरजवळच्या वाडीतल्या घराचं दार ओढून घेतल्यापासून जर्मनीतल्या मुलीच्या दारावरची घंटा वाजवेपर्यंत नऊ नव्हे, एकोणीस-वीस तास जातात. हा फरक ज्यांना आधी कळतो त्यांचा प्रवास सुखाचा होतो. ज्यांना तो वाटेत कळतो त्यांचं विमान चुकतं, औषधाची वेळ चुकते, नाहीतर घ्यायला आलेला मुलगा भलत्याच विमानतळावर उभा राहतो.

वाडी, दत्तवाडी, आयुध निर्माणीची वसाहत, हिंगणा एमआयडीसी या पट्ट्यातली बरीच मुलं आज शिक्षण-नोकरीसाठी परदेशात आहेत आणि त्यांचे आई-वडील पहिल्यांदाच इतक्या लांब निघतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तिकीट मुलगा काढून देईल, हे खरं. पण त्या तिकिटावरचे आकडे आपले आपल्याला वाचता आले पाहिजेत.

हवाई अंतर म्हणजे नेमकं काय?

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा छापतात, तो पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या वाटेचा असतो. घरातला पृथ्वीगोल घ्या आणि नागपूर ते फ्रँकफर्ट दोरा ताणून धरा. दोरा पाकिस्तानवरून, अफगाणिस्तानातल्या कंदाहारजवळून, बाकूपाशी कॅस्पियन समुद्रावरून आणि युक्रेनच्या दक्षिण भागावरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच वाट वर वाकलेली दिसते. म्हणून विमानातल्या पडद्यावर मार्ग वाकडा दिसला तर बिचकू नये. सपाट नकाशावर सरळ रेघ ओढली तर तीच प्रत्यक्षात लांब पडते.

नागपूरच्या बाबतीत हा हिशेब एकेकाळी साऱ्या देशाच्या कामी आला. १९४९ मध्ये रात्रीच्या टपाल विमानांची सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जायची. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५. चारही शहरं एका रात्रीत गाठून परतता येईल असं हे मोठं गाव होतं. आज त्याच जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे.

आकडा वाचताना एकक आधी बघा. काही ठिकाणी किलोमीटर, काही ठिकाणी मैल, तर विमानवाहतुकीच्या कागदांत नॉटिकल मैल असतात. साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर आणि नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे नागपूर–फ्रँकफर्ट हेच अंतर एके ठिकाणी ६,८५०, दुसरीकडे ४,२५० आणि तिसरीकडे ३,७०० असं दिसू शकतं. तिन्ही बरोबर.

उड्डाणाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा?

मोठं प्रवासी विमान उंचीवर स्थिरावलं की ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगानं जातं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं-येणं असतं. म्हणून एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवा : किलोमीटरमधल्या अंतराला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

नागपूर–मुंबई ६८० किलोमीटर. भागाकार येतो साधारण ५० मिनिटं, त्यात अर्धा तास मिळवला की एक तास वीस मिनिटं. वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास छापलेलं असतं, कारण मुंबईवर गर्दीमुळे घिरट्या घालाव्या लागतात, त्याची तजवीज कंपन्या आधीच करून ठेवतात. नागपूर–दोहा २,८४० किलोमीटर : साडेतीन तास अधिक अर्धा, म्हणजे चार तासांच्या थोडं वर. दोहा–फ्रँकफर्ट ४,५९० किलोमीटर : सव्वासहा तास. लांबच्या उड्डाणांत हे आकडे प्रत्यक्ष वेळापत्रकाशी पाच-दहा टक्क्यांच्या फरकानं जुळतात.

तिकिटावरचा उड्डाणाचा वेळ म्हणजे विमान हवेत असतं तेवढाच वेळ नव्हे. विमान नागपूरला आपल्या जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईला आपल्या जागेवर थांबलं तोवरचा तो सगळा वेळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हा शब्द पुढे भरपाईच्या नियमांत पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

ठोकताळा दोन कारणांनी चुकतो. पहिलं कारण वारा. आपल्या आणि युरोपच्या अक्षांशांवर उंच आभाळात बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर अधिकच. त्यामुळे युरोपला जाताना विमान वाऱ्याच्या विरुद्ध जातं आणि परतताना वारा पाठीशी असतो. मुंबई–फ्रँकफर्ट जायला नऊ तास लागत असतील, तर परतीला आठच्या आसपास लागतात. अंतर तेच, वेळ वेगळा.

दुसरं कारण बंद आकाश. वर सांगितलेला दोरा पुन्हा आठवा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून युरोपला निघणाऱ्या आपल्या कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेला अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. २३ जून २०२५ रोजी कतारनं काही तासांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि दोह्यावरून जाणारे हजारो प्रवासी अडकले. म्हणून सहा महिने आधी पाहिलेला वेळ निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासायचा. कंपनी वेळ बदलते तेव्हा निरोप तिकीट काढताना दिलेल्या मोबाइलवर येतो. तो क्रमांक प्रवास करणाऱ्याचाच असावा, एजंटचा नको.

नागपूरहून युरोपच्या तीन वाटा

नागपूरहून थेट परदेशी जाणारी विमानं मोजकी आहेत. कतार एअरवेजचं दोहा आणि एअर अरेबियाचं शारजा ही त्यांतली सर्वांच्या ओळखीची. युरोपसाठी दोहा ही एक वाट, आणि दिल्ली व मुंबई या उरलेल्या दोन.

अंतर मोजलं तर दिल्लीची वाट सर्वांत जवळची : ८५५ अधिक ६,१२०, म्हणजे साधारण ६,९७५ किलोमीटर. मुंबईवरून ६८० अधिक ६,५७०, म्हणजे ७,२५०. दोह्यावरून २,८४० अधिक ४,५९०, म्हणजे ७,४३०. सरळ रेषेशी ताडून पाहिलं तर दिल्लीवरून जेमतेम सव्वाशे किलोमीटर जास्त पडतात, दोह्यावरून जवळजवळ ६००.

पण ६०० किलोमीटर म्हणजे विमानाला पाऊण तास. वाटेतला थांबा मात्र दोन तासांचा आहे की सात तासांचा, यावर सगळा प्रवास ठरतो. त्यामुळे लांबची वाट अनेकदा लवकर पोचवते. तिकीट निवडताना अंतर बाजूला ठेवा आणि एकूण वेळ बघा.

या वाटांमध्ये आणखी एक फरक आहे. दोह्यावरून गेलात तर पासपोर्टावर भारत सोडल्याचा शिक्का नागपूरलाच बसतो. घराजवळ, आपल्या भाषेत, कमी गर्दीत ते काम उरकतं. दिल्ली-मुंबईवरून गेलात तर इमिग्रेशन तिथे होतं आणि रात्रीच्या आंतरराष्ट्रीय गर्दीत रांगेला तास सहज जातो. परत येतानाही तेच. दिल्ली-मुंबईला उतरलं की साधारणतः तिथेच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडावं लागतं आणि नागपूरच्या विमानासाठी ते पुन्हा द्यावं लागतं. सत्तरी गाठलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा फरक तिकिटातल्या दोन-तीन हजार रुपयांपेक्षा मोठा आहे.

तिकिटावरच्या वेळा वाचायच्या कशा?

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावाची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावाची. सगळा घोळ इथेच होतो. उन्हाळ्यातलं एक नमुन्याचं तिकीट घेऊ.

नागपूरहून पहाटे ४:०० ला सुटणार, दोह्याला ५:४० ला पोचणार. घड्याळाकडे पाहिलं तर प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा वाटतो. पण दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. ते अडीच तास मिळवले की चार तास दहा मिनिटं होतात. पुढे दोह्याहून ८:१० ला सुटून फ्रँकफर्टला १३:३० ला. दिसतात पाच तास वीस मिनिटं. उन्हाळ्यात जर्मनी दोह्याच्या एक तास मागे असते, म्हणून खरा वेळ सहा तास वीस मिनिटं. मधला थांबा अडीच तास. एकूण ४:१० अधिक २:३० अधिक ६:२०, म्हणजे बरोबर तेरा तास.

ताळा असा करायचा : फ्रँकफर्टला दुपारचे दीड वाजले तेव्हा वाडीत पाच वाजलेत, कारण उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पहाटे चार ते संध्याकाळचे पाच, तेरा तास. हिशेब जुळला.

हिवाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. इंग्लंडही त्याच दिवशी बदलतं, पण ते जर्मनीपेक्षा नेहमी एक तास मागे असतं. म्हणजे आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास. दिवाळीच्या सुमारास जायचं असेल तर हा रविवार कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आणखी दोन खुणा पाहायच्या. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात असते, म्हणून ००:३० म्हणजे दुपारचे साडेबारा नव्हेत, मध्यरात्रीनंतरचे. आणि पोचण्याच्या वेळेशेजारी +१ असं लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ आहे. परतीच्या तिकिटावर हे हमखास असतं.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा भारतीय वेळेनुसार कागदावर लिहून घ्याव्यात आणि पहिला दिवस मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावं. मोबाइलचं घड्याळ उतरल्यावर आपोआप बदलतं. त्याच्या भरवशावर गोळी घेतली तर दोन गोळ्यांमधलं अंतर तीन-चार तासांनी बिघडतं. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

मधला थांबा किती ठेवावा?

इथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशाचा नसून पीएनआरचा, म्हणजे आरक्षण क्रमांकाचा आहे. नागपूर ते फ्रँकफर्ट सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकल्यावर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. सामानही बहुधा थेट शेवटपर्यंत जातं. नागपूर–मुंबई एक तिकीट आणि मुंबई–फ्रँकफर्ट दुसरं, असं स्वस्तात जुळवलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी असता. तिकीट गेलं ते गेलं. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये किमान सहा-सात तास ठेवा, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

एकाच पीएनआरवर दोह्यासारख्या ठिकाणी दोन-अडीच तास पुरतात. दिल्ली-मुंबईला देशांतर्गत विमानातून उतरून आंतरराष्ट्रीय विमान गाठायचं तर चार तास ठेवलेले बरे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईचा पाऊस धरून त्यात आणखी भर घाला.

मुंबईच्या बाबतीत एक नवी दक्षता घ्यायला हवी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. म्हणजे ‘मुंबई’ आता दोन जागी आहे. तिकिटावर बीओएम असेल तर सहार-सांताक्रूझचा जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. नागपूरचं विमान एकीकडे उतरणार आणि युरोपचं दुसरीकडून सुटणार असेल, तर मध्ये साऱ्या शहराची वाहतूक आडवी येते. असं जुळवलेलं तिकीट घेऊ नका.

युरोपात पोचल्यावर

फ्रँकफर्टहून पुढे लंडनला भाच्याकडे जायचं आहे, असं समजा. फ्रँकफर्ट–हीथ्रो अंतर सुमारे ६५५ किलोमीटर आहे, म्हणजे नागपूर–मुंबईपेक्षा किंचित कमी. ठोकताळ्यानं एक तास वीस मिनिटं येतात, वेळापत्रकात एक तास चाळीसच्या आसपास असतात. लंडन एक तास मागे असल्यामुळे सकाळी १०:०० ला सुटलेलं विमान तिथल्या घड्याळात १०:४० ला पोचतं. परत येताना मात्र १०:०० ला सुटून १२:४० ला. उड्डाण तेवढंच, पण एका बाजूनं चाळीस मिनिटांचं दिसतं आणि दुसऱ्या बाजूनं दोन तास चाळीस मिनिटांचं.

जर्मनीचा शेंगेन व्हिसा इंग्लंडला चालत नाही, त्यासाठी वेगळा लागतो. शेंगेन गटातल्या देशांत मात्र पासपोर्टची तपासणी पहिल्याच विमानतळावर होते. फ्रँकफर्टला उतरून रोम किंवा पॅरिसला जाणार असाल तर इमिग्रेशनची रांग फ्रँकफर्टलाच लागेल, आणि ती वेळ मधल्या थांब्यातून वजा होईल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बाहेरच्या देशांच्या नागरिकांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो. म्हणून पहिल्या शेंगेन विमानतळावर तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये.

स्वस्त विमानं शोधताना विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे, म्हणजे नागपूरहून निघून अमरावतीच्या जवळ उतरल्यासारखं. पॅरिसच्या नावानं विकला जाणारा बोवे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून जास्त अंतरावर आहे. म्युनिकच्या नावानं खपणारा मेमिंगेन शंभराच्या पुढे. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी असे अनेक विमानतळ आहेत. तीस युरोचं तिकीट घेऊन चाळीस युरोची बस आणि दोन तास खर्ची पडले तर त्यात काही मिळवलं नाही.

तीन-चारशे किलोमीटरपर्यंत रेल्वेचा विचार आधी करा. लंडन–पॅरिस हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि विमान सव्वा तासात पोचतं. युरोस्टार रेल्वेला सव्वादोन तासांच्या वर लागतात. पण रेल्वे शहराच्या पोटातून सुटते आणि शहराच्या पोटातच पोचवते, त्यामुळे दारापासून दारापर्यंत तीच लवकर जाते. फ्रँकफर्टच्या विमानतळालगतच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्थानक आहे. तिथून कोलोनला वेगवान गाडी तासाभरात पोचते आणि मानहाइमला अर्ध्या तासात. विमानतळावर उतरून पुन्हा छोट्या विमानात बसण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं पडतं.

उशीर झाला तर हेच आकडे कामी येतात

अंतर आणि उड्डाणवेळ हे नुसते माहितीचे आकडे नाहीत. विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोचलं तर भरपाई त्यांच्यावरच ठरते.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ब्लॉक टाइम धरतात. कंपनीनं वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यावरच्याला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं व इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते मिळतं. म्हणजे नागपूर–मुंबई आणि नागपूर–दिल्ली ही दोन्ही उड्डाणं मधल्या गटात येतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशांच्या अल्पोपाहाराची सोय कंपनीनं करायची असते. काउंटरवर जाऊन ती मागायला संकोच करू नका.

युरोपात मोजमाप अंतराचं आहे, आणि तेही पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेल्या अंतराचंच. युरोपीय संघाचा २००४ चा नियम क्रमांक २६१ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. त्यानुसार १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या टप्प्याला ४०० आणि ३,५०० किलोमीटरच्या पुढे संघाबाहेर जाणाऱ्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी मुक्कामी पोचायला तीन तास किंवा अधिक उशीर झालेला असावा आणि कारण कंपनीच्या हातातलं असावं. वादळ किंवा आकाश बंद असणं यात बसत नाही. एकाच पीएनआरवरच्या प्रवासात अंतर पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत सरळ मोजतात. म्हणजे फ्रँकफर्ट–नागपूर प्रवास ६,८५० किलोमीटरचा धरला जातो, मध्ये दोहा असो की दिल्ली.

युरोपातून निघताना कोणत्याही देशाच्या कंपनीचं विमान असलं तरी हा नियम लागू होतो. भारतातून युरोपला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. या नियमांत बदल करण्याची चर्चा युरोपात सुरू आहे, म्हणून निघण्याआधी मुलाला एकदा पाहायला सांगा. आणि बोर्डिंग पास घरी परतल्यावरही सहा महिने फेकू नका. दावा करायचा तर पुरावा तोच असतो.

वाडीच्या दारातून उलटा हिशेब

आता सगळं एकत्र करू. पहाटे ४:०० चं दोह्याचं विमान घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे सोनेगावला रात्री एक वाजता. वाडीहून विमानतळ रस्त्यानं १२ ते १५ किलोमीटर आहे. हिंगणा टी-पॉइंटवरून रिंग रोडनं छत्रपती चौक आणि तिथून वर्धा मार्ग, असं गेलं की शहराच्या मध्यभागातून जावं लागत नाही. मध्यरात्री अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. पण वाडीत गोदामं आणि ट्रान्सपोर्टची कार्यालयं आहेत, अमरावती मार्गावर ट्रकांची रांग रात्रीही लागते. म्हणून घरून सव्वाबारालाच निघा.

संध्याकाळच्या विमानाला हाच रस्ता दीड पट वेळ खातो. मेट्रोचा विचार असेल तर हिंगणा मार्गावरच्या स्थानकापर्यंत जाऊन सीताबर्डीला गाडी बदलावी लागते, आणि विमानतळाचं स्थानक वर्धा मार्गावर असल्यानं पुढे टर्मिनलपर्यंत पुन्हा रिक्षा करावी लागते. हातात एकच पिशवी असेल तर ठीक, दोन मोठ्या बॅगा असतील तर नको. वासुदेवनगर–दत्तवाडी ही जोडणी मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात मंजूर आहे. ती झाली की वाडीकरांचं चित्र बदलेल.

रात्री सव्वाबाराला निघण्यात तारखेची एक मोठी मेख आहे. तिकिटावर १५ तारीख पहाटे ४:०० असेल तर सामान १४ तारखेच्या संध्याकाळी बांधून तयार हवं. जेवण १४ ला, निरोप १४ ला आणि टॅक्सीही १४ च्या रात्रीची सांगायची. पंधराची तयारी पंधराला करणाऱ्यांचं विमान पहाटेच निघून गेलेलं असतं.

सव्वाबाराला वाडी सोडली. तेरा तासांचा प्रवास करून फ्रँकफर्टला उतरलात तेव्हा वाडीत संध्याकाळचे पाच वाजलेत. इमिग्रेशन आणि सामानाला दीड तास, मुलगी मानहाइमला राहत असेल तर तिथली गाडी धरून पोचायला आणखी तास. मुलीच्या दारात पाऊल टाकाल तेव्हा तिथे दुपारचे चार आणि वाडीत साडेसात. एकूण सव्वाएकोणीस तास, त्यांतले विमानातले जेमतेम साडेदहा.

तिकीट काढण्याआधी हा हिशेब एका कागदावर मांडा : घरून निघण्याची वेळ, प्रत्येक विमानाची सुटण्या-पोचण्याची स्थानिक वेळ, शेजारी तीच भारतीय वेळ, आणि शेवटी दारात पोचण्याची वेळ. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, एक घरी राहणाऱ्याला द्या आणि एक मुलाला पाठवा. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर पोचून नको. आकड्यांना भिऊ नका. नागपूर–मुंबईचा हिशेब ज्याला करता येतो, त्याला फ्रँकफर्ट–लंडनचाही येतो.